जिभेने चालवायचे सहायक उपकरण : सेन्सर निवडण्याआधी काय ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या एका गटाला मानेतील मज्जारज्जूला इजा होऊन दोन्ही हात आणि दोन्ही पाय निकामी झालेल्या व्यक्तीसाठी जिभेने चालणारे उपकरण तयार करायचे आहे. आधी त्यावर मोबाइल आणि संगणक चालावा, पुढे जमल्यास विजेवरची व्हीलचेअरही चालावी, असा त्यांचा विचार आहे. जिभेवर चुंबक लावून हॉल सेन्सरने (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरने) त्याची जागा ओळखावी, की टाळूवर बसणाऱ्या प्लेटमध्ये स्पर्श ओळखणारे सेन्सर घालावेत, हे त्यांना ठरवता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर 'टाळूवरची प्लेट' असे आहे आणि त्याची कारणे पुढे येतील. मात्र संपूर्ण प्रकल्पात हाच निर्णय सर्वांत सोपा आहे. जिभेची हालचाल टिपणे गेल्या तीसेक वर्षांत बऱ्याच जणांना साधले आहे. माणूस आवंढा गिळतो, जांभई देतो, शेजारच्याशी बोलतो किंवा नुसता पडून असतो, तेव्हा उपकरणाने काहीही न करता स्वस्थ राहणे, हे त्याहून कितीतरी अवघड आहे. म्हणून कोणत्या हालचालीला आज्ञा मानायचे याच्या आधी कोणत्या हालचालींना आज्ञा मानायचे नाही, याची नोंद वहीत करून कामाला लागावे, असे माझे मत आहे.

आधी जीभच का, हे नीट समजून घ्या, कारण उपकरण कोणासाठी नाही हेही त्यातूनच कळते. जिभेच्या स्नायूंना हलवणारी चेता मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी शेवटची आहे. ती मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या मज्जारज्जूवर अवलंबून नसते. त्यामुळे मानेच्या वरच्या चार मणक्यांच्या पातळीवर इजा झाली, खांद्याखालचे सगळे गेले, तरी जीभ बहुधा पूर्वीसारखीच चालते. मेंदूच्या हालचाल-नियंत्रक भागात जीभ आणि ओठ यांच्या वाट्याला त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा आलेली आहे, आणि जीभ पुढे ओढणारा मुख्य स्नायू सहजासहजी थकत नाही. या तीन गोष्टींमुळे संशोधकांचे लक्ष जिभेकडे गेले.

याच तर्काने ती कोठे उपयोगी नाही हेही ठरते. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होत जाणाऱ्या आजारात, बऱ्याच रुग्णांची जीभच क्षीण होत जाते आणि काहींमध्ये ती सर्वांत आधी जाते. त्यांच्यासाठी नजरेने चालणारे उपकरण पाहावे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांची जीभ आपोआप पुढे ढकलली जाते आणि लाळ गळते, त्यामुळे जिभेवर बारीक ताबा गृहीत धरता येत नाही. मेंदूच्या खोडात पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांचे प्रत्येकाचे वेगळे तपासावे लागते. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट येते, जी परदेशी शोधनिबंधांत तुम्हाला सहसा दिसणार नाही. सुपारी आणि गुटखा वर्षानुवर्षे खाल्ल्याने होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये तोंड पुरेसे उघडत नाही, गाल कडक होतात आणि जीभही मोकळी फिरत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी त्याचे परिणाम भोगणारी माणसे आजही दंतवैद्याच्या खुर्चीत दिसतात. माडावरून, विजेच्या खांबावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडून मान मोडलेला तरुण तुमच्यासमोर आला, तर त्याचे तोंड किती उघडते हे पहिल्याच भेटीत पाहा. माप घेण्याचा ट्रे आत जाणार नसेल, तर पुढची सगळी आकडेमोड व्यर्थ आहे.

तपासणी साधी असते. जीभ बाहेर काढून डावीकडे आणि उजवीकडे नेता येते का, दोन्ही गाल आतून ढकलता येतात का, टोक वरच्या दातांमागून टाळूवर मागे सरकवता येते का, आणि हेच काही मिनिटे सलग केल्यावर वेग किती उतरतो, हे पाहावे. ही तपासणी स्पीच थेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट तुमच्यापेक्षा चांगली करतील, म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून गटात घ्या. मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था किंवा पुण्यात खडकीचे जवानांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र अशा ठिकाणी या इजेसह वर्षानुवर्षे जगणारी माणसे आणि त्यांच्यासोबत काम करणारे लोक भेटतात. परवानगी घेऊन तेथे एक दिवस काढलात, तर महिनाभराच्या वाचनाइतके हाती लागेल.

या तपासणीच्या वेळीच एक प्रश्न मनाशी प्रामाणिकपणे विचारावा, की या व्यक्तीला जिभेचे उपकरण खरोखर लागते का. मान चांगली वळत असेल, तर हनुवटीने चालणारी जॉयस्टिक किंवा डोक्याच्या हालचालीने चालणारा माउस अधिक स्वस्त, अधिक भरवशाचा आणि दुरुस्तीला सोपा असतो. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये चेहऱ्याच्या हावभावांना बटणाचे काम देण्याची सोय आतच आहे, आणि गूगलने २०२३ मध्ये मांडलेला 'गेमफेस' हा मुक्तस्रोत प्रकल्प साध्या कॅमेऱ्याने डोके व चेहरा यांवर पॉइंटर चालवतो. जिभेचे उपकरण त्या माणसासाठी आहे, ज्याची मान फिरत नाही किंवा लवकर दुखते, जो व्हेंटिलेटरवर असल्याने नळीत फुंकू शकत नाही, किंवा ज्याला चेहऱ्यासमोर नळी आणि दांडी नको आहे. हे शेवटचे कारण हलके समजू नका. तोंडाच्या आत असलेले उपकरण समोरच्याला दिसत नाही, आणि विशीतल्या मुलाच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट असते.

तोंडातल्या उपकरणाचा आणखी एक फायदा अभियंत्यांच्या नजरेतून सुटतो. दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणातल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. प्रत्येक वेळी कूस बदलली की कॅमेरा, दांडी, नळी हे सगळे पुन्हा जुळवावे लागते आणि ते जुळवायला घरात कोणीतरी मोकळे असावे लागते. टाळूवरची प्लेट मात्र डोक्याबरोबरच वळते. खुर्चीत बसलेल्या माणसावर चाचणी घेऊन समाधान मानू नका. एका कुशीवर झोपलेल्या माणसावरही चाचणी घ्या.

आता आजवर काय झाले आहे ते पाहू. अनेक वर्षे या क्षेत्रातील नेहमीचे साधन म्हणजे नळीतून ओढण्या-फुंकण्याचे 'सिप अँड पफ' उपकरण. जोरात ओढणे, हळू ओढणे, जोरात फुंकणे, हळू फुंकणे अशा चार आज्ञा त्यावर मिळतात. नवे काहीही याच्याशी तुलना करून दाखवावे लागते. १९९०च्या दशकात अमेरिकेत 'टंगटच कीपॅड' नावाची नऊ बटणांची टाळूची प्लेट विकली जात असे, म्हणजे तुमची कल्पना नवी नाही. तिच्या दोषांचा अभ्यास मात्र उपयोगी आहे. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठात लोटे आंद्रेआसेन स्ट्राउक यांनी टाळूच्या प्लेटमध्ये वेटोळी बसवून जिभेवरचा धातूचा लहानसा तुकडा जवळ आला की वेटोळ्याचे प्रेरकत्व (इंडक्टन्स) बदलते, या तत्त्वावर उपकरण विकसित केले आणि ते पुढे बाजारातही आले. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये मेसम घोवनलू यांच्या गटाने 'टंग ड्राइव्ह' तयार केले. त्यात जिभेतल्या टिटॅनियमच्या बारीक दागिन्यात लहान चुंबक असतो आणि डोक्यावरच्या पट्टीतील सेन्सर गालाबाहेरून त्याचे क्षेत्र मोजतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत हातपाय निकामी झालेल्या ११ व्यक्ती होत्या. त्यांचा या उपकरणावरचा वेग सरासरीने सिप अँड पफच्या तिप्पट आला आणि अचूकता तेवढीच राहिली. अलीकडे एमआयटीतून निघालेल्या ऑगमेंटल या कंपनीने 'माउथपॅड' नावाची टाळूवर बसणारी टचपॅडची प्लेट आणली आहे. ती ब्लूटूथवर सरळ माउस म्हणून जोडली जाते आणि तिला जिभेवर काहीही लावावे लागत नाही.

या दोन मार्गांतून प्लेट निवडा असे म्हणण्याचे पहिले कारण जिभेला भोक पाडणे हे आहे. चुंबक नुसता चिकटवला, तर ओल्या आणि सतत हलणाऱ्या जिभेवर तो फार वेळ टिकत नाही, म्हणून डिंक फक्त प्रयोगापुरता चालतो. कायमच्या वापराला टोचून घेणे भाग पडते, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी कोणाच्या जिभेला टोचायला सांगणे मला मान्य नाही. दुसरे कारण एमआरआय. मज्जारज्जूच्या रुग्णाला तो केव्हाही करावा लागू शकतो आणि त्या वेळी तोंडात चुंबक राहून गेला तर अनर्थ होईल. तिसरे कारण गणिताचे आहे. चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे गालाबाहेर पोहोचेपर्यंत ते फार क्षीण होते. उलट पृथ्वीचे क्षेत्र, जे जागेनुसार सुमारे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते, ते खुर्ची वळली की सेन्सरच्या दृष्टीने दिशा बदलते. मग वेगळा संदर्भ-सेन्सर ठेवून ते वजा करणे आले. खुर्चीच्या मोटारी आणि घरातला लोखंडी पलंग यांचा गोंधळ वेगळाच. हे सगळे सुटते, जॉर्जिया टेकच्या गटाने ते सोडवले आहे. पण तुमचे वर्ष त्यातच संपेल.

प्लेट निवडली, की खरे काम सुरू होते. शांत बसलेल्या माणसाची जीभ कोठे असते ते स्वतःच पाहा. बहुतेकांच्या जिभेचे टोक वरच्या समोरच्या दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर टेकलेले असते. नवशिके नेमके याच जागी मुख्य बटण ठेवतात, कारण तेथे पोहोचायला सर्वांत सोपे असते, आणि मग माणूस झोपेतही क्लिक करत राहतो. त्यात जागेपणी माणूस मिनिटाला साधारण एकदा आवंढा गिळतो. प्रत्येक आवंढ्याला जीभ पुढून मागे टाळूवर लाटेसारखी दाबली जाते. तुमच्या टचपॅडच्या दृष्टीने तो स्पष्ट, जोरदार आणि सुरेख 'स्वाइप' असतो. अजाणता दिल्या जाणाऱ्या या आज्ञा ओळखण्यासाठी संपूर्ण टाळूवर एकाच वेळी पसरलेला दाब, पुढून मागे जाण्याचा ठरावीक क्रम आणि त्याचा कालावधी अशी लक्षणे वापरता येतात. आज्ञा देताना जिभेचे टोक लहान जागी टेकते. गिळताना मोठा भाग टेकतो. म्हणून एकाच बिंदूचा दाब मोजून थांबू नका, पूर्ण टाळूचा नकाशा मोजा. उच्चारांच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम टाळूंपैकी एका प्रचलित प्रकारात ६२ विद्युतअग्रांचे (इलेक्ट्रोडचे) जाळे असते. तुम्हाला तितके लागणार नाहीत, पण आठ-दहा बिंदूंच्या खाली गेलात तर गिळणे आणि आज्ञा यांत फरक करणे कठीण होईल, असा माझा अंदाज आहे.

बोलण्याचा प्रश्न आपल्याकडे अधिक तीव्र आहे आणि त्याबद्दल तयार उत्तर तुम्हाला कोठेही मिळणार नाही. ही उपकरणे मुख्यतः इंग्रजी आणि डॅनिश बोलणाऱ्यांवर पारखली गेली आहेत. मराठीत ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ उच्चारताना जिभेचे टोक मागे वळून टाळूच्या कठीण भागाला लागते, आणि तीच जागा तुमच्या टचपॅडचा मध्य असते. त, थ, द, ध यांना ते दातांना टेकते. 'चहा'तला च वेगळ्या ठिकाणी लागतो, 'चमचा'तला वेगळ्या. त्यामुळे इंग्रजी वाक्ये बोलून घेतलेली चुकीच्या आज्ञांची चाचणी आपल्या वापरकर्त्याला लागू पडत नाही. घड्याळ, विठ्ठल, डोळे, वाढणे, कोणाला, गोळ्या असे शब्द भरपूर असलेला मराठी उतारा तयार करा, तो सावकाश आणि भरभर अशा दोन्ही वेगांत मोठ्याने वाचून घ्या, आणि एकही आज्ञा द्यायची नसताना उपकरणाने किती आज्ञा नोंदवल्या ते मोजा. वापरकर्त्याची घरातली भाषा मालवणी, अहिराणी किंवा कोंकणी असेल, तर त्याच भाषेतल्या गप्पांवर ही चाचणी घ्यावी. पाणी पिणे, खोकणे, जांभई, हसणे आणि दातांत अडकलेले काही जिभेने काढणे हेही त्याच चाचणीत घ्या. शेवटची गोष्ट माणूस किती वेळा करतो हे पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

एवढे करूनही चुकीच्या आज्ञा शून्यावर येणार नाहीत. म्हणून उपकरणाला 'जागे' आणि 'झोपलेले' अशा दोन अवस्था द्याव्यात आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्यासाठी अशी खूण ठेवावी जी बोलताना किंवा गिळताना घडूच शकत नाही. उदाहरणार्थ, जीभ डाव्या दाढांच्या कडेला दाबून धरणे, सोडणे आणि पुन्हा दाबणे. ती किती वेळ दाबायची हे प्रत्येकाच्या जिभेप्रमाणे जुळवता यावे. जागे आहे की झोपलेले, हे वापरकर्त्याला सतत कळले पाहिजे. फोनच्या कोपऱ्यात एक रंगीत ठिपका आणि हलका आवाज पुरेसा होतो.

आज्ञांची संख्या सुरुवातीला दोनच ठेवा : 'पुढे' आणि 'निवडा'. उपकरण ब्लूटूथवर साधा कीबोर्ड किंवा माउस म्हणून ओळखले गेले, तर फोनमधली स्विच-नियंत्रणाची, म्हणजे एक-दोन बटणांनी सगळा फोन चालवण्याची, सोय आपोआप वापरता येते आणि तुम्हाला स्वतंत्र ॲप लिहावे लागत नाही. ॲप लिहिण्याचा मोह टाळा. फोन बदलला किंवा नवी आवृत्ती आली की तुमचे ॲप बंद पडेल आणि तोवर तुम्ही नोकरीला लागलेले असाल. एकच अपवाद मी करेन, तो मराठी लिहिण्याच्या पाटीचा. ओळ निवडायची, मग ओळीतले अक्षर निवडायचे, अशा पद्धतीत इंग्रजीची अक्षरे कोणत्या क्रमाने मांडावीत यावर बराच खल होतो. आपली वर्णमाला मुळातच उच्चारस्थानाप्रमाणे पाच-पाचांच्या ओळींत मांडलेली आहे आणि ती शाळेपासून पाठ असते, त्यामुळे 'क'ची ओळ, 'च'ची ओळ ही मांडणी वेगळी शिकवावी लागत नाही. अडचण मात्रांची येते. मराठीत व्यंजनानंतर बहुधा काना, मात्रा किंवा वेलांटी येते, म्हणून व्यंजन निवडताच मात्रांची ओळ आपोआप पुढे यावी, आणि जोडाक्षरासाठी पाय मोडण्याची खूण त्याच ओळीत असावी. ङ आणि ञ यांना ओळीत जागा दिली, तरी क्रमाने पुढे सरकताना ती वगळावी, कारण प्रत्येक अनावश्यक थांबा म्हणजे वापरकर्त्याचा वेळ. 'पाणी', 'कूस बदला', 'पंखा', 'नळी बघा' अशी रोजची वाक्ये पहिल्या ओळीत ठेवावीत आणि ती त्याच घरातल्या लोकांना विचारून ठरवावीत.

आता प्लेटच्या घडणीकडे वळू. येथे दंतवैद्य आणि कवळ्या बनवणारी लॅब यांच्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. माप घेऊन साचा, त्यावर ॲक्रिलिकची किंवा उष्णतेने आकार दिलेल्या पातळ प्लास्टिकच्या पत्र्याची प्लेट, हे तंत्र तालुक्याच्या ठिकाणीही उपलब्ध आहे. प्लेटची मागची कड मऊ टाळूच्या अलीकडेच संपली पाहिजे, नाहीतर उमासे येतात. जाडी वाढली की बोबडे बोलणे सुरू होते आणि वापरकर्ता कारण न सांगता ती घालणे बंद करतो. लाळ दिवसाला अर्ध्या ते दीड लिटरपर्यंत तयार होते आणि ती वीजवाहक असते. धारकतेवर (कपॅसिटन्सवर), म्हणजे मोबाइलच्या पडद्यासारखा, चालणारा सेन्सर वापरलात, तर लाळेचा थर आणि जिभेचा स्पर्श यांत फरक करण्यासाठी आधाररेषा, म्हणजे जीभ टेकलेली नसतानाचे मोजमाप, सतत नव्याने मोजावी लागेल. दाबावर चालणाऱ्या सेन्सरला ही अडचण कमी असते, पण वर्षभर दाबून त्याचे मोजमाप सरकत जाते.

विजेबाबत मी कडक आहे. पहिला नमुना तारेचा असू द्या : ओठाच्या कोपऱ्यातून एक पातळ तार बाहेर येईल आणि बॅटरी तोंडाबाहेर राहील. दिसायला ते वाईट दिसेल, पण तोंडात बॅटरी ठेवण्याचा अधिकार त्या टप्प्यावर तुम्हाला नाही. बटण-सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. ती तार चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपला जोडू नका. लॅपटॉप बॅटरीवर चालवा किंवा मध्ये विद्युत-विलगीकरण (भिंतीतल्या विजेशी थेट जोडणी तोडणारी सोय) ठेवा, कारण गळती प्रवाहाला तोंडाच्या ओल्या त्वचेइतका सोपा मार्ग क्वचितच मिळतो. पुढे बिनतारी नमुना कराल तेव्हा लक्षात येईल, की टेबलावर उत्तम चालणारे ब्लूटूथ तोंड मिटले की अडखळते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याने भरलेल्या ऊतींमध्ये शोषल्या जातात आणि जीभ अँटेनावर टेकली की तिची जुळणीच बदलते. अँटेना टाळूच्या मध्यभागी न ठेवता दातांच्या बाहेरच्या, गालाकडच्या बाजूला नेल्यास फरक पडतो. उष्णतेचेही भान असावे : दीर्घकाळ अंगाला लागून राहणाऱ्या भागाचे तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ नये, असे वैद्यकीय विद्युत उपकरणांचे मानक सांगते, आणि तोंड आधीच ३७ अंशांच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या हाती सहाच अंश आहेत. प्लेट तोंडात असताना गरम चहा देऊ नये, हे घरच्यांना स्पष्ट सांगावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की ज्या माणसासाठी तुम्ही उपकरण बनवत आहात, तो ते स्वतःच्या हाताने तोंडातून काढू शकत नाही. तुमच्या स्वतःच्या तोंडात चाचणी घेताना ही जाणीव होत नाही, कारण उमासा आला की हात आपोआप वर जातो. त्याला उलटी झाली, ठसका लागला, प्लेट निसटली, तर काय होईल याचा विचार आराखड्यातच झाला पाहिजे. प्लेटचा कोणताही सुटा भाग श्वासनलिकेत जाईल इतका लहान नसावा. सुरुवातीच्या सर्व चाचण्यांत प्लेटला मजबूत दोरा बांधून तो तोंडाबाहेर ठेवावा, जसा दंतवैद्य लहान अवजारांना बांधतात. प्लेट घातलेली असताना ती काढता येणारी व्यक्ती हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर असावी. झोपताना प्लेट काढून स्वच्छ करून ठेवावी, कारण रात्रंदिवस घातलेल्या प्लेटखाली बुरशीचा संसर्ग होतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे : इजेच्या पातळीच्या वर असल्याने तोंडातली संवेदना शाबूत असते, त्यामुळे प्लेट कोठे टोचते ते त्याला कळते आणि सांगता येते. खुर्चीच्या आसनाबाबत असे नसते.

व्हीलचेअरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण या वर्षी तुम्ही तिला हात लावू नये असे माझे मत आहे. पडद्यावरची चुकीची आज्ञा पुसता येते; जिन्याच्या तोंडाशी दिलेली पुसता येत नाही. तरीही पुढे गेलात, तर सर्वांत आधी थांबण्याची सोय करा. संदेश येणे क्षणभर तुटले तरी खुर्ची थांबली पाहिजे, म्हणजे 'थांब' ही आज्ञा नसून आज्ञांचा अभाव असला पाहिजे. 'एकदा सांगितले की चालतच राहा' ही पद्धत जिभेला आराम देते, म्हणून मोह होतो, पण तिच्यासोबत जिभेवर अवलंबून नसलेले दुसरे बटण, गालाजवळ किंवा डोक्याच्या आधारात, आणि मागे चालणाऱ्याच्या हातात तिसरे, एवढे असल्याशिवाय ती वापरू नये. आपल्या घरांत उंबरठे असतात, दारे अरुंद असतात आणि अंगण उताराचे असते. प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवरचा निकाल तेथे लागू होत नाही.

मोजमापासाठी पॉइंटर वापरणाऱ्या उपकरणांचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९२४१चा ४११वा भाग पाहा. लक्ष्याचे अंतर आणि आकार यांवरून वेग व अचूकता एकत्र मोजण्याची फिट्स यांची १९५४ची पद्धत त्यात आहे आणि तुमच्या परीक्षकांनाही ती मान्य होईल. पण तेवढ्यावर थांबू नका. आज्ञा न देता तासाभरात किती आज्ञा नोंदल्या गेल्या, घरच्या माणसाला प्लेट घालून सुरू करायला किती वेळ लागला, आणि कोणी आठवण न करता वापरकर्त्याने ती तिसऱ्या आठवड्यात मागितली का, हे तीन आकडे मी आधी विचारेन. निरोगी मित्रांवर घेतलेले निकाल वेगळ्या तक्त्यात द्या. मित्र कंटाळला की हाताने माउस धरतो.

माणसांवर चाचणी म्हणजे महाविद्यालयाच्या किंवा संलग्न रुग्णालयाच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी आणि समजून दिलेली संमती. सही करता येत नाही म्हणून अंगठा धरून टेकवणे ही संमती नव्हे; साक्षीदारासमोर तोंडी संमती घेऊन ती नोंदवण्याची रीत आहे. विकण्याचा विचार असेल तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात, आणि तोंडात राहणाऱ्या पदार्थांसाठी जैवसुसंगततेच्या आयएसओ १०९९३ मालिकेप्रमाणे कागदपत्रे लागतात. लॅबकडून नेहमीचे दंतचिकित्सेचे ॲक्रिलिक वापरलेत, तर निम्मे काम सोपे होते. थ्रीडी प्रिंटरवरचा साधा रेझिन तोंडात घालू नका.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. इलेक्ट्रॉनिक्स आणि प्लेट हे दोन वेगळे भाग करा, म्हणजे दात पडला, हिरडी बदलली किंवा प्लेट तुटली, तर फक्त प्लेट नव्याने करता येईल. साच्याची एक प्रत त्या कुटुंबाकडे आणि एक लॅबमध्ये ठेवा. तोंडी परीक्षा संपल्यावर उपकरण त्याच्याकडे राहणार असेल, तर चार्जर, दुसरी प्लेट, फर्मवेअरची (उपकरणाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) प्रत आणि जवळच्या एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याला समजेल अशी मराठीतली दोन पानांची माहितीही सोबत द्या. राहणार नसेल, तर ते पहिल्याच भेटीत, संमती घेण्याआधी, त्याला सांगा.